परत बोलावलेल्या गाड्या

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी कंपनीने आमच्या भागातल्या बाराशे गाड्या परत बोलावल्या. स्टिअरिंगखालून जाणारी वायरींची जुडी पत्र्याच्या धारेवर घासत होती. वरचं कव्हर झिजलं की तारेला तार लागायची आणि धूर निघायचा. दोन गाड्या जळाल्याही होत्या. काम पाऊण तासाचं आणि फुकट. जुनी जुडी काढायची, धारेवर रबर बसवायचं, नवी जुडी टाकायची.

मी त्या सर्व्हिस सेंटरमध्ये वायरमन. मला वाचता आलं तेच चाळिशीनंतर, त्यामुळे यादी बोट ठेवून वाचायची सवय. बोट दोनशे सोळाव्या ओळीवर थांबलं. दादाचं नाव होतं.

हे काम मला दादानेच शिकवलं. आमचं दोघांचं गॅरेज होतं. मी नोकरी धरली तेव्हा तो म्हणाला, “जा, दुसऱ्याचा गणवेश घाल. माझ्या दारात पाय ठेवू नकोस.” त्याला अकरा वर्षं झाली होती.

यादीतल्या गाड्या येत गेल्या. दोनशे सोळा काही येईना. फोन करणारी मुलगी वैतागली.

“काका, हे गृहस्थ भारी आहेत. म्हणतात, मी स्वतः वायरमन आहे, माझ्या गाडीला तुमची पोरं हात लावणार?”

“परत कर फोन.”

“चार वेळा केला!”

“पाचव्यांदा कर. आग लागू शकते म्हणावं. वहिनी शेजारी बसते म्हणावं.”

“कोण वहिनी?”

मी कामाला लागलो.

पुढच्या आठवड्यात दादाची करडी गाडी आली. चालवत वहिनी होती. मी वाकून शेजारच्या सीटकडे पाहिलं.

“बघताय काय भावजी? एकटीच आलेय. ते झोपलेत. उठायच्या आत न्यायला हवी, नाहीतर घर डोक्यावर घेतील.”

“दादा कसा आहे?”

“खोकतात आणि खेकसतात. दोन्ही सारख्याच जोरात.”

मी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. जुडीवर काळी टेप होती. एकसारखी, कुठे सुरकुती नाही, शेवट मेणाच्या दोऱ्याने बांधलेला. पहिलं वर्षभर दादाने मला फक्त टेप गुंडाळायला लावली होती. सुरकुती दिसली की सगळी उलगडायला लावायचा. ही टेप त्याचीच होती. पण धारेने तीही निम्मी खाल्ली होती आणि आत तांबं दिसत होतं. त्याने वायर झाकली होती, पत्रा तसाच सोडला होता. आम्ही वायरमन आधी वायरच बघतो.

काढलेला माल नियमाने कंपनीला परत जातो. मी ती जुडी पिशवीत घातली, नंबर लिहिला. पिशवीचं तोंड बांधायला मात्र मला वेळ लागला.

संध्याकाळी ऑफिसातून हाक आली, तुमचा फोन आहे.

“माझी टेप तू काढलीस?” अकरा वर्षांनी पहिलं वाक्य.

“काढली.”

“वाईट होती?”

“नाही रे. तुझ्यासारखी अजून कुणाला जमत नाही. पण पत्र्याची धार राहिली होती, दादा.”

खोकला.

“तांबं दिसत होतं?”

“हो.”

“हिला शेजारी बसवून फिरत होतो मी.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“सहा महिन्यांनी तपासायला बोलावलंय म्हणे. तेव्हा मी आणतो. तूच बघ. दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस.”

“नाही देत.”

मी फोन करणाऱ्या मुलीकडून तारीख लिहून घेतली, वीस नोव्हेंबर. त्या सहा महिन्यांत त्याच्या घरी जावं असं रोज वाटायचं. एकदा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. तो येतो म्हणाला होता. त्याचं त्याला येऊ द्यावं, मध्ये आपण घाई करू नये, असं मला वाटलं. फाटकातून करडी गाडी वळली की मी हातातलं काम ठेवून बघायचो. त्या रंगाच्या गाड्या फार आहेत.

दादा अकरा नोव्हेंबरला, मंगळवारी सकाळी वारला.