मूळ मशीनची आंघोळ

बायको गेल्याचं शिंप्याला हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. डॉक्टरीणबाई वरच्या पायरीवर उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या आणि त्याच्या हातात बायकोचा फोन होता. बाई बोलायच्या थांबल्या आणि फोन वाजला. निरोप आला होता, "थोरल्या जाऊबाई प्रतिसाद देत नाहीत."

शिंप्यानं मागे वळून पाहिलं. थोरल्या जाऊबाई, म्हणजे त्याच्या वहिनी, खालच्या बाकावर बसून इतक्या मोठ्यानं रडत होत्या की आवाज जिनाभर घुमत होता. तेवढ्यात दुसरा निरोप आला, "मावससासूबाई बंद पडल्या आहेत. पुन्हा सुरू करायच्या का?" मावससासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि त्यांना पुन्हा सुरू करावं असं घरात कुणालाच वाटलं नसतं. शिंप्याला हसू फुटलं. ते थांबेचना. वहिनी रडायचं सोडून बघत राहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात पसरलं की ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तसं काही नव्हतं. बायकोचा धंदाच तसा होता. ती लोकांना क्लाऊडवरचे कम्प्युटर लावून द्यायची. हे कम्प्युटर हाताला लागत नाहीत. दूर कुठल्यातरी इमारतीत एका मोठ्या यंत्राच्या पोटात ते दाटीवाटीनं राहतात आणि इकडे एखादा दंतवैद्य आपल्या टेबलावरून त्यातला एक चालवतो. अशा प्रत्येक मशीनला तिनं सासरच्या माणसाचं नाव दिलं होतं. सारखी तापायची ती थोरली जाऊ. पासवर्ड बरोबर असला तरी पुन्हा विचारायची ती मावससासू. जागा भरपूर अडवून काहीच करत नसे, तो धाकटा दीर.

तिच्याकडे एक मूळ मशीन होतं, सगळं नीट बसवलेलं, पण कधी सुरू न केलेलं. नवं गिऱ्हाईक आलं की त्याची नक्कल काढायची. नक्कल पहिल्यांदा सुरू झाली की तिची आंघोळ व्हायची. आंघोळ म्हणजे तिनं लिहिलेली एक स्क्रिप्ट, मशीन आपोआप पाळतं ती आज्ञांची यादी. ती जुनी ओळख धुऊन काढायची, नवं नाव विचारून घ्यायची, नवी किल्ली द्यायची, मग धंदा विचारायची आणि तिनं आत लिहून ठेवलेल्यांतलं, त्या धंद्याला शोभेल असं एक वाक्य पडद्यावर कायमचं लावायची. दंतवैद्याला रोज सकाळी दिसे, "नुसता आ वासून बघू नकोस, कामाला लाग." हिशेबनीसाला दिसे, "उद्या करतो म्हणाला होतास. तो उद्या हाच." लोक बोलणी खाऊन खूश असत. आंघोळ आटोपली की स्क्रिप्ट स्वतःला पुसून टाकायची. "मोठ्या माणसाला कुणी रोज आंघोळ घालतं का?" असं ती म्हणे.

ती गेल्यावर धंदा बंद करायचं शिंप्याच्या जिवावर आलं. त्याचा मेहुणा कम्प्युटरच्याच कंपनीत होता.

"भावोजी, अवघड ते मी बघतो. नकला तुम्ही काढा."

"अरे, मी शिंपी आहे."

"मग झालंच की. मूळ खाका एक, त्यावरून हवे तितके सदरे."

हे शिंप्याला पटलं, आणि तेच अंगाशी आलं. एकदम तीन गिऱ्हाइकं आली, जनावरांचा डॉक्टर, न्हावी आणि गाडी शिकवणारी बाई. आता कापड कापण्याआधी भिजवून घ्यायचं, हे शिंप्याच्या हाडात मुरलेलं. नाहीतर शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात आखडतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. तीन नकलांना वेगवेगळी आंघोळ कशाला? त्यानं सरळ मूळ मशीनच सुरू केलं. स्क्रिप्टनं नाव विचारलं, तसं जरा विचार करून दिलं. धंदा विचारला, तेव्हा यादीतलं पहिलं गिऱ्हाईक टाकलं, जनावरांचा डॉक्टर. मग त्या धुतलेल्या मशीनच्या तीन नकला काढल्या आणि समाधानानं काजं करायला बसला.

सकाळी न्हाव्याचा फोन. "शिंपीदादा, पडद्यावर आलंय, 'आधी शिंगं बघ, मग जवळ जा.' गिऱ्हाईक खुर्चीत बसून वाचतंय. टक्कल आहे हो त्यांना!"

मग गाडी शिकवणाऱ्या बाई. "हे शिंगांचं मला उद्देशून आहे की माझ्या विद्यार्थ्यांना? आणि माझ्या प्रिंटरमधून 'मलम शेपटीखाली दोन वेळा लावणे' असं का बाहेर येतंय?"

जनावरांचा डॉक्टर सगळ्यात शांत होता. "माझ्याकडे कागद आला, 'उलटं जाताना खांबाला धडकली, नापास.' मी न बघता घोडीच्या मालकाला दिला. तो म्हणतो, बरोबर आहे, पण डॉक्टर, तुम्हाला कळलं कसं?"

मेहुणा धावत आला, शिलाई मशीनशेजारी स्टूल ओढून बसला आणि कपाळाला हात लावला. "तिन्ही मशीनं एकाच नावाची, एकाच किल्लीची. पलीकडच्या मोठ्या यंत्राला वाटतंय, एकच माणूस तीन दारांत उभा आहे, म्हणून कुणाचाही कागद कुणाच्याही दारी जातोय. नाव काय दिलंत?"

शिंप्यानं सुई दातांत धरली.

"भावोजी?"

"मेहुणा."

"माझं?"

"तुझ्या ताईनं आमच्याकडचं एक माणूस सोडलं नव्हतं. म्हटलं, कुणीतरी तुमच्याकडचं नको का?"

"बरं, पुसतो आणि मूळ मशीनवरून पुन्हा..." मेहुणा बोलता बोलता थांबला. "आंघोळ मूळ मशीनलाच घातलीत?"

"कापड आधी भिजवतात."

"भावोजी, ती एकदाच चालते! स्क्रिप्ट गेली."

शिंप्याच्या दातांतली सुई खाली पडली. "सगळी वाक्यं?"

"नावं, किल्ल्या, पासवर्ड सगळं मी जेवणाआधी लिहून देतो. पण वाक्यं कुठून आणू? मला असलं सुचत नाही."

"बघ तरी. डॉक्टरासाठी."

मेहुण्यानं बराच विचार केला. "प्राण्यांवर प्रेम करा."

"हे भिंतीवर लावायचं झालं," शिंपी म्हणाला आणि खाली वाकून सुई शोधू लागला. ती सापडूनही तो बराच वेळ वर आला नाही.

मेहुणा ताईच्या मशीनांची यादी खालीपर्यंत बघत गेला. तळाशी एक मशीन होतं, तयार करून ठेवलेलं, एकदाही सुरू न केलेलं. नाव दिलं होतं, "अहो".

"हे कुणासाठी?"

"दुकानासाठी. गिऱ्हाइकांची मापं त्यात ठेवा म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, माझी मापं पुठ्ठ्यावर बरी आहेत." शिंप्यानं माऊसकडे हात नेला. "सुरू करतो."

"हात मागे! सुरू केलंत की आंघोळ होईल आणि ही स्क्रिप्टपण जाईल."

मेहुण्यानं ते मशीन न उठवता त्याची डिस्क तेवढी अलगद काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि उघडली. स्क्रिप्ट जशीच्या तशी होती. त्यानं तिच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, नवं मूळ मशीन केलं, तीन नकला काढल्या आणि तिघींना वेगळी आंघोळ घातली. न्हाव्याच्या पडद्यावर आलं, "कान त्याचा आहे, जपून." बाईंच्या पडद्यावर, "पाय ब्रेकवर, तोंड बंद." बाईंनी फोन करून विचारलं, हे मोठ्या अक्षरात गाडीत लावता येईल का.

मेहुणा अजून स्क्रिप्टच वाचत होता. एकाएकी तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "भावोजी, शिंप्याचंही आहे! ऐका..."

"सांगू नकोस."

"अहो, एकदा..."

"तोंड शिवीन तुझं."

मेहुण्यानं ठसका आवरला. "का पण?"

शिंपी सुईत दोरा ओवत होता. तो ओवला जाईना. "तिचं बाकीचं सगळं बोलणं मी ऐकलंय. बरंचसं दोनदोनदा. एवढं एकच राहिलंय."

मेहुण्यानं डिस्क परत जिथली तिथे लावली आणि तो जेवायला थांबला. जेवताना त्याला दोनदा हसू आलं, पण त्यानं ते घासाबरोबर गिळलं.

आता सगळी मशीनं नीट चालतात. जाऊबाई तापतात, पण चालतात. शिंपी नकला काढतो आणि एकेकीला वेगळी आंघोळ घालतो. दुकानातली मापं पुठ्ठ्यावरच आहेत. "अहो" अजून सुरू केलेलं नाही.