जिन्याखालचा फळा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक फळा आहे. पाणी कधी येणार नाही ते त्याच्यावर पांढऱ्या खडूने लिहितात आणि कुणाचं पोर परदेशी निघालं ते रंगीत खडूने. गेल्या तीन वर्षांत रंगीत खडूची अकरा अभिनंदनं झाली. आठ अमेरिका, दोन इंग्लंड आणि एक सिंगापूर. त्याचं अक्षर जरा बारीक होतं.

२००३ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा वानखेडे हिंजवडीची नोकरी सोडून चेन्नईला गेली, लष्करात अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणाला. त्या दिवशी फळ्यावर होतं : ‘उद्या टाकी धुणार.’

उत्कर्षाची आई ललिताबाई स्टेशनवर रडल्या नव्हत्या. घरी जाऊन रडू, अशा बेताने जिन्यापर्यंत आल्या आणि फळा दिसला. रडं जागच्या जागी थांबलं. भर दुपारी अडीच वाजता त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी साठ्ये यांची बेल वाजवली. सदाशिव पेठेत या वेळेला बेल वाजवायला लष्करी धैर्यच लागतं.

“माझ्या मुलीचं नाव राहिलं फळ्यावर.”

“राहिलं नाही. लिहिलं नाही.”

“काहून?” ललिताबाई वीस वर्षं पुण्यात आहेत, पण रागावल्या की पुन्हा अमरावतीच्या होतात.

“प्रशिक्षण म्हणजे शिक्षण. शाळेत गेलेल्या मुलांची नावं आपण लिहीत नाही. पूर्ण करू दे. मग बघू.”

“तुमचा पुतण्या जायच्या आधीच लिहिलं होतं त्याचं!”

“व्हिसा हातात होता,” असं म्हणून साठ्यांनी दार लावलं.

वर येताना जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या वेणूबाई भेटल्या. चेहरा दुखवट्याला आल्यासारखा. “कंपनीची बस यायची हो न्यायला! असं कसं सोडलं? घरात काही बिनसलं होतं का?”

“नाही हो. आमच्याकडे तुमच्यासारखं काही नाही.”

वेणूबाईंची सून महिन्यापूर्वीच वेगळी राहायला गेली होती.

त्यानंतरचे बारा दिवस ललिताबाई नुसत्या संतापावर जगल्या. उत्कर्षाचा डबा घासून वरच्या फळीवर ठेवताना साठ्ये, तिच्या पलंगावरची चादर काढताना साठ्ये. कोंडीरामभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, एकदाच म्हणाले, “सोड गं आता.”

“तुम्ही सगळं सोडता, म्हणूनच लोक आपल्याला फळ्यावर घेत नाहीत!”

रविवारी अकरा वाजता फोन आला. अकादमीत एकेकीला तीनच मिनिटं, मागे मुलींची ही रांग. ललिताबाईंचं फोनवरचं बोलणं ऐकायला आम्हां समोरच्यांना दार उघडावं लागत नाही. “थांब, आधी ऐक,” असं त्या तीनदा म्हणाल्या. अडीचची बेल, पुतण्याचा व्हिसा, सिंगापूर, टाकी, सगळं सांगून झालं आणि फोन बंद झाला.

“कशी आहे?” कोंडीरामभाऊंनी विचारलं.

रिसीव्हर हातातच होता. “ती म्हणत होती... पाय...”

“पायाचं काय?”

“मी म्हटलं, थांब, आधी ऐक.”

तिकडे फोन करायची सोय नव्हती. पुढचे सात दिवस ललिताबाई फळ्याकडे न बघता वरखाली करत होत्या. गुरुवारी साठ्यांनी हटकलं, “काय म्हणते मुलगी? झेपतंय ना?” ललिताबाई थांबल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच साठ्यांना उत्तर मिळालं नाही. द्यायला नव्हतंच; मुलगी काय म्हणते, ते ललिताबाईंना तरी कुठे ठाऊक होतं?

पुढच्या रविवारी त्या नऊपासून फोनशेजारी बसल्या. पहिल्या घंटेला उचलला. “बोल. मी काही बोलत नाही. पाय कसा आहे?”

“आई, तुला बरं नाही का?”

“पाय!”

“बुटाने फोड आले होते. बसले. ते जाऊ दे, साठ्येकाकांनी लिहिलं का?”

“फळ्याचं राहू दे गं.”

“राहू दे काय? मागच्या रविवारी मी रांगेत रडत उभी होते. परत येते, असं सांगायलाच फोन लावला होता. तू बोलूच दिलं नाहीस. मग खोलीतल्या मुलींना सांगितलं, माझ्या आईने काय ऐकवलं ते. सगळ्या हसून लोळल्या, मीही. आता मेरठची एक पोरगी चिखलात रांगताना विचारते, ‘आंटी के ब्लॅकबोर्ड का क्या हुआ?’”

“परत यायचं होतं तुला?”

“तेव्हा. आता नाही.”

ललिताबाईंनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. मग एकदम आवाज चढला. “फोड येतात म्हणजे काय? बुटाचं माप घेत नाहीत का तिथे? आणि त्या साठ्यांचं म्हणशील तर, गुरुवारी जिन्यात मला विचारतात...”

खाली साठ्यांची खिडकी लागल्याचा आवाज आला.

सोमवारी सकाळी साठ्ये स्वतः गुलाबी खडू घेऊन फळ्यापाशी उभे होते. ‘अभि’ एवढं लिहून झालं होतं. ललिताबाई दूध घेऊन येत होत्या, त्यांनी पाहिलं.

“पुसा ते.”

“अहो, तुम्हीच तर...”

“पूर्ण करू दे. मग बघू,” ललिताबाई म्हणाल्या. “अजून बरेच रविवार जायचेत.”