कॅमेऱ्याशेजारची काळी मखमल

मी काळी मखमल बोलतेय. हात जरा जपून लावा, माझी लव झडायला आलीय.

माझा जन्मच मुळी दुखवट्यासाठी झाला. मिनेसोटातल्या लिंडक्विस्टबाईंचा नवरा गेला, तेव्हा त्यांनी माझा झगा शिवून घेतला. पुढे बाईही गेल्या आणि त्यांच्या दोन मुली, इंग्रिड आणि अडा, मला ट्रंकेत घालून हॉलिवूडला आल्या. धाकट्या अडाला सिनेमात नटी व्हायचं होतं.

पण तिचे डोळे निळे, आणि तिथेच माशी शिंकली. तेव्हाच्या फिल्मवर निळा रंग पांढराफटक उमटायचा. अडाची पहिली चाचणी पडद्यावर पाहून दिग्दर्शक ओरडला, "अरे, आंधळी कुठून धरून आणलीत? डोळस पोरींचा दुष्काळ पडलाय का?" सगळे खदाखदा हसले. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

छायाचित्रकार ऑर्विल तेवढा हसला नाही. त्याने युक्ती सांगितली. कॅमेऱ्याशेजारी काळं कापड धरायचं, म्हणजे बुबुळात त्याचा काळेपणा उतरतो. इंग्रिडने आईचा झगा उसवला, मला हातात धरून ती कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली आणि मी सिनेमात आले.

"माझ्या हाताकडे बघ, अडा. पापणी हलवू नकोस."

"ताई, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय गं."

"एवढं होऊ दे. घरी गेल्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवते."

माझ्या दोन्ही अंगांना कार्बनचे मोठाले दिवे जळत. त्या दिव्यांनी सगळ्यांचेच डोळे सुजत, पण बाकीचे नजर चुकवत. अडाला ती सोय नव्हती. तिला माझ्याकडेच बघावं लागे, आणि मी त्या दिव्यांच्या मधोमध. इकडे लोक मात्र तिच्या काळ्याभोर डोळ्यांवर जीव ओवाळून टाकत होते.

काही वर्षांनी निळा रंगही नीट टिपणारी नवी फिल्म निघाली. ऑर्विल धावतच आला. "अडाबाई, फेका ते फडकं! आता तुमचे डोळे आहेत तसेच दिसणार!"

चाचणी झाली. पडद्यावर डोळे पुन्हा पांढरेच. ऑर्विलने फिल्म तपासली, कॅमेरा तपासला. मग तो अडासमोर येऊन उभा राहिला आणि तिच्या तोंडापुढे हात हलवला. तिची पापणी हलली नाही.

त्या दिव्यांनी तिच्या बुबुळांवर पांढरट पडदा चढला होता, आणि ती कधीपासूनच माझ्याकडे नाही, इंग्रिडच्या आवाजाकडे बघत होती. हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं. पुन्हा तिला कोणी बोलावलं नाही.

आता आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहतो. इंग्रिड लोकांचे कपडे शिवते. कधी एखादा जुना चाहता येतो आणि एक फोटो काढू द्या म्हणतो. मग इंग्रिड मला खुंटीवरून काढून उंच धरते. अडा आवाजाच्या रोखाने मान वळवते, हनुवटी उचलते.

"ताई, काळे दिसतायत ना?"

"काळेभोर गं."

कधी तुम्ही आलात आणि तिने तुम्हालाच विचारलं, तर तुम्हीही हो म्हणा.