पन्नास वर्षांनी उघडायची पेटी

भविष्यातल्या माणसासाठी आपण मागे काय ठेवतो, यावरून समाजाची उंची मोजली जाते. हे वाक्य इतिहासाच्या बाईंनी दोन दिवस घोटून लिहिलं होतं. पेटी पुरायच्या कार्यक्रमात ते संस्थेच्या अध्यक्षांनी वाचलं, वाचता वाचता 'समाजाची' काढून 'संस्थेची' घातलं, आणि ओघात नव्या इमारतीची उंचीही सांगून टाकली. तळमजला धरून.

बाईंना शाळेत 'सनावळी' म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि मुख्याध्यापक म्हणत नसले तरी एकदा निमंत्रणपत्रिकेवर चुकून तेच छापून बसले होते. बाईंना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. खेळाच्या शिक्षकांना सगळे 'शिट्टीसर' म्हणतात, त्यापेक्षा आपलं नाव निदान काळाशी जोडलेलं आहे, अशी त्या मनाची समजूत घालत.

वाईट वाटलं ते नव्या वेळापत्रकाचा कच्चा आराखडा पाहून. सातवीच्या इतिहासाला आठवड्याला चार तास होते, त्यांचा एक झाला होता. उरलेले तीन 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाच्या नव्या विषयाला, म्हणजे शिट्टीसरांना, गेले होते. बाई तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

"बाई, मी इतिहासाच्या विरोधात नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "पण इतिहास दिसत नाही हो."

"दिसत नाही म्हणजे?"

"शिट्टीसरांची मुलं मनोरे रचतात, फोटो निघतो. विज्ञानाच्या मॅडम धूर काढतात, फोटो निघतो. तुमच्या वर्गात तुम्ही बोलताय आणि मुलं खिडकीबाहेर बघतायत. पालकांच्या ग्रुपवर मी टाकू काय? खिडकी?"

"व्यक्तिमत्त्व माझ्या तासालाही विकसित होतं, सर."

"होत असेल. पण दिसत नाही. तुम्ही काहीतरी दिसणारं करून दाखवा, चारही तास तुमचे. माझा शब्द."

मुख्याध्यापकांचा शब्द शाळेत अनेकांकडे होता, पण बाईंकडे पर्याय नव्हता. घरी जाऊन त्यांनी विचार केला आणि त्यातून काळपेटी निघाली. स्टीलची हवाबंद पेटी घ्यायची, त्यात आजच्या जगण्याच्या खुणा ठेवायच्या, मैदानाच्या कोपऱ्यात पुरायची, पन्नास वर्षांनी उघडायची. मुख्याध्यापकांना कल्पना एकदम पसंत पडली. तिचं नाव बदलून त्यांनी 'टाइम कॅप्सूल' केलं, आणि फरश्यांचा कारखाना असलेल्या अध्यक्षांनी वर बसवायला एक काळी चकचकीत फरशी देऊ केली. फरशीवर 'इतिहास' हा शब्द होता. अध्यक्षांच्या नावाच्या खाली नीट पाहिलं की सापडत होता.

बाईंनी वर्गाला मात्र मनापासून शिकवलं. म्हणाल्या, "राजे लोक स्वतःच शिलालेख कोरून ठेवतात, तो वाचून राजा कसा होता ते कधीच कळत नाही. साधी माणसं कशी जगली ते कळतं त्यांच्या फुटक्या मडक्यांवरून, दिव्यांवरून, उखळावरून. आता तुमची पाळी. ज्या वस्तूशिवाय तुमचं घर चालणारच नाही, अशी एक वस्तू शनिवारी सकाळी कागदात गुंडाळून आणा. वर आपलं नाव लिहा. आणि हे बघा, घरी विचारत बसायचं नाही. स्वतःचं डोकं चालवा."

ही शेवटची अट अनुभवातून आलेली होती. मागच्या वर्षी बाईंनी पुठ्ठ्याचं प्राचीन नगर करून आणायला सांगितलं, तर एका वास्तुविशारद बापाने नगराला चालती लिफ्ट बसवून पाठवली होती. यंदा मोठ्या माणसांचा हात नको, असं त्यांनी बजावून सांगितलं. आणि मुलांनी ऐकलं. बाईंची एखादी सूचना वर्गाने तंतोतंत पाळण्याची ती पहिलीच वेळ. बाईंना खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी एकेक पुडकं पेटीत गेलं. कोणाचं उघडून बघायचं नाही, भविष्याची उत्सुकता टिकली पाहिजे, हाही बाईंचाच नियम. शेवटी त्यांनी स्वतःची वस्तू ठेवली. नोकरी लागल्यापासून वापरात असलेलं इतिहासाचं पुस्तक. समासात बारीक अक्षरात टिपणं, कुठल्या धड्याला मुलं पेंगतात, तिथे कुठला विनोद करायचा, तो विनोद कुठल्या वर्षापासून चालेनासा झाला, सगळं. पुस्तक ठेवताना त्यांचे डोळे जरा भरून आले. फोटो तेव्हा कोणी काढला नाही.

फोटो निघाला तो अध्यक्ष थापीने सिमेंट सारत होते तेव्हा. शिपाईमामांनी थापी हातात दिली, फोटो झाला, मामांनी थापी परत घेतली आणि फरशी बसवली. मुख्याध्यापक बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "दिसला बरं का इतिहास! वेळापत्रकावर सोमवारी सही करतो. चार तास."

बाई घरी गेल्या त्या तरंगतच.

संध्याकाळी पहिला फोन आला. एका सद्गृहस्थांचा, आवाज अतिशय शांत. "बाई, सहज विचारतो, आमच्या टीव्हीचा रिमोट तुमच्याकडे आहे का?"

दुसरा फोन एका आईचा. "अहो बाई, आमच्या कन्येने काय दिलंय माहितीय का पेटीत? कामाच्या मावशींचा नंबर! मावशी पेटीत मावत नव्हत्या म्हणून नंबराचा कागद! फ्रिजवर चिकटवलेला होता हो, दुसरीकडे कुठेच नाही. मावशी गावाला गेल्यात, कधी येणार ते विचारायचं कुणाला?"

तिसऱ्या फोनवर पार्श्वभूमीला कोणीतरी व्यंजनांशिवाय बोलत होतं. "माझे सासरे," एक सूनबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय सांगतायत ते मी सांगत नाही. त्यांची कवळी तेवढी द्या."

चौथं कुटुंब जिन्यात बसून बोलत होतं, कारण चिरंजीवांनी दाराची किल्ली दिली होती. पाचव्या घरातलं इंटरनेट मुळापासून उपटून पेटीत गेलं होतं आणि त्या घरातले सगळे एकमेकांशी बोलायला लागल्यामुळे वातावरण तंग होतं.

बाईंच्या सासूबाई समोर बसून सगळं ऐकत होत्या. सातव्या फोननंतर म्हणाल्या, "काय गं, लोकांचे संसारच पुरून आलीस वाटतं?"

"आई, मी उखळ वगैरे म्हणत होते हो. तव्यासारखं काहीतरी आणतील असं वाटलं."

"तव्यावाचून कुणाचं अडतं आता? मुलं हुशार आहेत. तूच मागच्या इयत्तेत राहिलीस."

सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत पालक मावेनात. व्हरांड्यात, जिन्यावर, थेट मैदानापर्यंत गर्दी. मुख्याध्यापक उभे राहून म्हणाले, "हे बघा, फरशीवर पन्नास वर्षं कोरलेलं आहे. मुदत संपली की प्रत्येकाला आपापली वस्तू मिळणारच आहे. कुणावर अन्याय होणार नाही."

"माझ्या वडिलांना पन्नास वर्षांनी कवळी घेऊन करायचंय काय?" एक गृहस्थ ओरडले.

बाई कपाटापाशी उभ्या होत्या. त्यांचं लक्ष टेबलावरच्या वेळापत्रकाकडे होतं. सही अजून व्हायची होती. पेटी उघडली तर फोटो खोटा ठरणार, फोटो खोटा ठरला की चार तास गेले, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून, जन्मात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पालकांना भाषण दिलं.

"इतिहासासाठी प्रत्येक पिढीने थोडाफार त्याग केलेला आहे," त्या म्हणाल्या. "लोकांनी प्राण दिले. तुम्हाला रिमोट देता येत नाही?"

"प्राण देताना त्यांना विचारलं होतं, बाई," मागून कोणीतरी म्हणालं. "आम्हाला विचारायचं नाही, असं तुम्हीच पोरांना सांगितलंत."

बाई बाहेर व्हरांड्यात आल्या. तिथे अध्यक्षांचा नातू, त्यांच्याच वर्गातला, भिंतीचा चुना नखाने खरवडत उभा होता.

"तू रे काय दिलंस?"

"आजोबांचे केस."

"कसले केस?"

"डोक्यावरचे. त्यांचे दोन आहेत ना बाई, एक घालायला, एक धुवायला. मी चांगला दिला. काल आईने दुसरा मशीनमध्ये टाकला, तो आता माझ्या बहिणीच्या बाहुलीला बसतो. तुम्हीच म्हणालात, ज्याच्याशिवाय घर चालत नाही. आजोबा त्याच्याशिवाय खोलीच्या बाहेर येत नाहीत."

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. अध्यक्ष उतरले ते कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी घालून. ऊन चांगलं कडकडीत होतं. बाईंनी टोपीकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, आणि आपले चार तास जमिनीतून वर येताना त्यांना डोळ्यांपुढे दिसले.

पालक अध्यक्षांच्या अंगावर धावले, पण त्यांना एक शब्द बोलावा लागला नाही. अध्यक्षांनी हात वर केला. "पालकांच्या भावना माझ्यासाठी फरशीपेक्षा मोठ्या आहेत," ते म्हणाले. "पेटी निघेल. आत्ता. फक्त एक अट. काळाचा हा ठेवा आहे, तो आधी मी एकटा, बंद खोलीत उघडेन."

"सर, पन्नास वर्षं..." मुख्याध्यापक पुटपुटले.

"इतिहासाचं पुनर्मूल्यांकन होतच असतं. बाईंना विचारा."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. होतं, असं बाईंना म्हणावं लागलं.

शिपाईमामांनी पहार आणली आणि दोन घावांत फरशीचे तुकडे केले. अध्यक्षांचं नाव मधोमध दुभंगलं. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली, दार बंद झालं. आतून कागद फाडल्याचा आवाज येत राहिला. एक पुडकं, दुसरं, तिसरं. एवढ्या तळमळीने इतिहासाची साधनं कोणी चाळताना बाईंनी आजवर ऐकलं नव्हतं. मग शांतता झाली. अध्यक्ष बाहेर आले तेव्हा टोपी त्यांच्या खिशात होती आणि भांग व्यवस्थित होता. मुख्याध्यापक, "सर, फ्रेश दिसताय," असं म्हणून गेले.

पुढचा प्रश्न वाटपाचा. पुडकी फाटली होती, नावं कुठली कुठे गेली होती, आणि दोन घरांचे रिमोट सारखेच निघाले. धक्काबुक्की सुरू झाली. तेव्हा शिट्टीसर पुढे आले. त्यांनी शिट्टी मारली. डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळे दचकून एका ओळीत उभे राहिले. "एक हात अंतर! पुढचा! वस्तू सांगा! घ्या! पुढचा!" बघता बघता कवळी, किल्ली, नंबर, इंटरनेट, सगळं आपापल्या घरी रवाना झालं. मुख्याध्यापकांनी खिडकीतून फोटो काढला. शिस्तीत उभे असलेले पालक, मध्ये शिट्टीसर, वर निळं आकाश.

"बघा बाई," ते फोटो पाठवत म्हणाले, "याला म्हणतात व्यक्तिमत्त्व."

पेटी दुपारीच पुन्हा पुरली. फोटो आधीचा होताच, त्यामुळे कार्यक्रम करायची गरज पडली नाही. अध्यक्षांनी नवी फरशी पाठवली. मुदत तीच, नाव थोडं मोठं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला विचारलं, "तर मग, काय शिकलो आपण यातून?"

मावशींचा नंबर देणाऱ्या मुलीने हात वर केला. "बाई, इतिहास म्हणजे जे परत मागायला कोणी आलं नाही ते."

इतक्या वर्षांत बाईंच्या वर्गात इतकं चांगलं उत्तर आलं नव्हतं. ते समासात टिपून ठेवावं म्हणून त्यांनी पुस्तकासाठी पर्समध्ये हात घातला, आणि तो तसाच राहिला. रांगेत सगळे उभे होते. त्या उभ्या राहिल्या नव्हत्या.

मधल्या सुट्टीत त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, माझं पुस्तक पेटीत राहिलंय. मामांना सांगून फरशी जरा..."

"पुन्हा?" मुख्याध्यापक हबकले. "बाई, सिमेंट सुकलंय. आणि एका तासासाठी पुस्तक लागतंय कशाला? तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"एका तासासाठी?"

मुख्याध्यापकांनी भिंतीकडे बोट केलं. वेळापत्रक सही होऊन लागलं होतं. सातवीचा इतिहास शुक्रवारी, शेवटच्या तासाला.

शुक्रवारी शाळा एक तास लवकर सुटते.