डावी नाकपुडी

माझी भाची ऑपरेशनने नाकपुड्या बारीक करून घेऊन आली आणि माझ्याच उरावर येऊन पडली. बापाला, म्हणजे माझ्या भावाला, सांगायची छाती नव्हती. मग काय, टाके निघेपर्यंत आत्याकडे! आत्याला काम काय, दिवसभर मशीनच तर चालवायचं असतं.

तीस वर्षं मी बायकांचे कपडे शिवतेय. ढगळ झालं की आत घ्यायचं, यातच माझं आयुष्य गेलं. पण चांगलं धडधाकट नाक कुणी आत घ्यायला देतं, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. बरं, नाक कुणाचं? आमच्या घराण्याचं. माझंही तसंच आहे, आणि त्याच्यापायी माझं आजवर काही अडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी बघते तर बाईसाहेब माझी टेप घेऊन आरशापुढे नाकपुड्या मोजतायत.

“आत्या, डावी मोठी दिसते का गं?”

“नाही.”

तासाभराने पुन्हा तेच. नाक बटाट्यासारखं सुजलेलं, वरचा ओठ ताठ, आणि डोळ्यांत पाणी. “आत्या, खरं सांग ना. डावी मोठीच आहे ना?”

“बये, सूज आहे ती! डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय ना? का नाकाबरोबर अक्कलही बारीक करून घेतलीस?”

तो कागद म्हणजे तर नुसता तमाशा. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. तीन उशांवर डोकं ठेवून झोपायचं. मोठ्याने हसायचं नाही. एवढी थेरं कशासाठी? तर पुढच्या सोमवारी नवी नोकरी, हॉटेलात येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करायची. पाहुणे जसे काही हिच्या नाकपुड्या मोजायलाच येणार होते!

रोज सकाळी टाक्यांवर मलम मात्र मीच लावायचे, कारण आरशात बघून लावायला गेली की ती डोळेच मिटायची. पाचव्या दिवशी चष्मा लावून बसले, तर डाव्या नाकपुडीच्या बुडाशी काळ्या दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं. लोंबतं टोक ठेवून मी जन्मात कुणाच्या हातात कपडा दिलेला नाही. छोटी कात्री माझ्या गळ्यात असतेच. टोक जरा ओढलं आणि कच्चकन कापलं.

“काय केलंस?” ती दचकली.

“टोक कापलं. एवढाले पैसे घेतात मेले, साधी टोकंसुद्धा कापत नाहीत.”

दुपारी तिला शिंक आली. तोंड उघडून शिंकली पोर, अगदी कागदात लिहिलं होतं तशी. तरी डावीकडून रक्त आलं आणि ओठावर ओघळलं. मी रुमालात पाहिलं, तर रक्तात काळा दोरा. टोकाबरोबर मी गाठही कापली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. “टाका सुटलाय. कुणी हात लावला?”

सगळ्या जगाला उत्तर देणारी मी, पण गळ्यातली कात्री तेवढी पदराखाली सरकवली.

“झोपेत माझाच हात लागला,” भाची म्हणाली.

मग डॉक्टरांनी तिला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. तुमच्यासारख्यांना सांगून उपयोग नाही, स्वतःच्या तब्येतीची किंमत नाही, आणि काय काय. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. त्यांनी नवा टाका घातला आणि म्हणाले, “जखम फाकली होती. ही बाजू आता जरा पसरट राहील.”

घरी आल्यावर ती आरशापुढे उभी राहिली. टेप तिथेच खुंटीला होती. मी मशीन थांबवलं आणि वाट बघत बसले. तिने बराच वेळ डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. डावी आता खरंच मोठी दिसत होती.

तिने मला काहीच विचारलं नाही.