साहेबांच्या आधी वितळलेला हिमालय

संग्रामपूरच्या शाळेत हिमालय आला तो खामगावाहून, एस.टी.च्या टपावर, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. गीताबाई मास्तरणींनी ती बर्फाची लादी परातीत उभी केली, पायथ्याशी चिखलाच्या नद्या कोरल्या आणि काठाला गव्हाचे कोंब टोचले. नव्या खोलीच्या उद्‌घाटनाला साहेब येणार होते.

पुष्पाबाई धाकट्याला कडेवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिचं लक्ष बर्फाकडे नव्हतं, साहेबांना त्याची माहिती सांगणाऱ्या लेकीकडे, चांगुणाकडे होतं. नवऱ्यानं, उकंडरावांनी, रात्रीच बजावलं होतं, "साहेबापुढं धडाधड बोलली तं राहू दे शाळेत. नाही तं उद्यापासून धाकट्याले सांभाळाले घरी."

चांगुणा भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती, "हवा तापत गेली, तर डोंगरावर बर्फ कमी साठेल. साठलेला लवकर वितळेल. नद्या आधीच फुगतील आणि ऐन गरजेला आटतील."

"काऊन वो पोरी, हिमालय का कुल्फी हाय, वितळाले?" शाळा समितीचे अध्यक्ष किसनराव म्हणाले. अध्यक्षांच्या विनोदाला हसायचं असतं, तेवढे सगळे हसले.

साहेबांना वाटेत एका गावी हार होते, दुसऱ्या गावी जेवण, तिसऱ्या गावी वामकुक्षी. हिमालयाला एवढा दम नव्हता. सकाळीच नद्या दुथडी भरल्या, टेबलावरून ओघळल्या, कोंब आडवे झाले. दुपारच्या उन्हात चिखलाला भेगा पडल्या.

जीपचा धुरळा दिसला तसे किसनराव ओरडले, "झाका थे परात! बर्फच नाही, तं पोरगी कायले बोलते?"

मागे बसलेले उकंडराव उठलेच. "चाल वो पोरी, घरी."

पुष्पाबाई आजवर चार माणसांत बोलली नव्हती. आताही बोलली नाही. तिनं धाकट्याला नवऱ्याच्या हातात कोंबलं आणि लेकीला मागून हलकेच ढकललं.

साहेब परातीपुढे येताच चांगुणा सगळं बोलली, एका श्वासात. मग कोरड्या परातीकडे बोट दाखवून पदरचं एक वाक्य घातलं, "साहेब, सकाळी नद्या भरल्या होत्या. तुमी उशिरा आले."

किसनरावांनी डोळे मिटले. साहेब मात्र खो खो हसले आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "पुढच्या वर्षी या शाळेला बर्फाच्या दोन लाद्या मंजूर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. उकंडरावांना टाळी वाजवता येईना, हातात धाकटा होता.

"बोलली ना?" पुष्पाबाईनं हळूच विचारलं.

"बोलली बाप्पा. जाऊ दे शाळेत. पण याले कोन सांभाळन?"

पुष्पाबाईनं त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेल्या लेकराचं तोंड पदरानं पुसलं.

"निजला तं हाय तुमच्याजवळ."