चाळीस फोन एका ओटीवर

डॉमनिकने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि साहेबांच्या कॉम्प्युटरला नाक लागेल इतका पुढे वाकला. पडद्यावर त्याचं घर होतं. वरून दिसणारी कौलं, विहीर, आणि ओटीवर लाल ठिपक्यांचा नुसता बुजबुजाट.

"चाळीस फोन," साहेब म्हणाले. "प्रार्थना संपल्यावरही कितीतरी वेळ तुमच्याच ओटीवर. काका, एवढी माणसं काय करत होती?"

"माणसं नव्हती हो! फोन होते, नुसते फोन!"

हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. पासपोर्टच्या चौकशीला म्हणून पोलीस ठाण्यात बोलावलं, सकाळपासून बाकड्यावर बसवलं, आणि आता विषय काय, तर टोपली! मे महिन्यात त्याच्या दारातल्या क्रुसासमोर लदीनची प्रार्थना होते. मध्येच फोन वाजतात म्हणून फादर चिडले, तेव्हापासून सगळ्यांनी फोन ओटीवरच्या टोपलीत ठेवायचे असा नेम पडला. त्या दिवशी प्रार्थना संपली आणि गावातले शहाणे तसेच सभेला निघाले. वाड्या आणि विहिरी कापत जाणाऱ्या नव्या रस्त्याविरुद्धची सभा. त्यांच्यातला मार्सेल म्हणाला, फोन सरकारकडे चुगली करतात, इथेच राहू देत. झालं! अक्कल गहाण ठेवलेल्या त्या चाळीस जणांनी आपापली चुगली डॉमनिकच्या ओटीवर ठेवली आणि हात हलवत निघून गेले. डॉमनिक सभेला गेलासुद्धा नव्हता. गुडघा ठणकत होता म्हणून जेवून झोपला होता.

"पण तुम्हाला कळलं कसं? फोन ऐकता आमचे?"

"छे छे!" साहेब दुखावल्यासारखे झाले. "हवामानाचं, गाण्यांचं ॲप फुकट घेता ना? फोन कुठे कुठे फिरतो ते टिपून त्या कंपन्या विकतात. बाजारात मिळतं. आम्ही विकत घेतलं."

"बाजारात वांगी मिळतात, साहेब. जन्मभर वांगी विकली मी. दुसऱ्याच्या वाडीतली तोडून नाही विकली."

शेजारी बसलेल्या लुसीने त्याच्या मांडीला चिमटा काढला. टोरंटोत त्यांच्या जेनिफरला मुलगी झाली होती. आजी-आजोबा येईपर्यंत तिने बाप्तिस्मा थांबवून ठेवला होता. लुसीने बॅग कधीच भरली होती; रोज उघडायची, आणखी एखादं झबलं कोंबायची आणि पुन्हा बंद करायची. सगळं या साहेबांच्या एका सहीवर अडलं होतं.

"माझा तुमच्यावर राग नाही," साहेब म्हणाले. "सभा खरी कुठे झाली, कोणी बोलावली, एवढं सांगा. आत्ताच्या आत्ता चांगला शेरा मारतो. नाहीतर आमच्याकडे तुमचंच घर दिसतंय. मग पासपोर्टचं विसरा."

हरिश्चंद्रच्या वाडीत झाली. डॉमनिकच्या अगदी ओठावर आलं होतं. का नाही सांगायचं? त्या हरिश्चंद्रने विचारलं होतं का, बाबा रे, तुझी ओटी वापरू का? लेकाचे सगळे! सभा त्यांच्या, आणि निस्तरायचं डॉमनिकने.

"तसं आम्हाला सगळं कळतंच," साहेब जरा खुशीत आले. त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा बघा. आठवड्यातून दोनदा माणिकपूरच्या चर्चजवळ उतरतो. आत जातच नाही. दुसरी रिक्षा करून इस्पितळात जातो, तासन्‌तास तिथेच. घरी सांगितलेलं दिसत नाही. रात्री झोपतो तो तुमच्या विहिरीपलीकडच्या घरात."

विहिरीपलीकडे सालोमी राहायची, लुसीची धाकटी बहीण. सारखी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते म्हणून लुसी तिला नन म्हणून चिडवायची.

लुसीचा हात मांडीवरच थांबला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते पाहून डॉमनिकच्या डोक्यात तिडीक गेली.

"लिहा," तो म्हणाला. "सभा माझ्या घरी झाली. मीच बोलावली."

"काका, आत्ता तर म्हणालात झोपलो होतो."

"खोटं बोललो."

साहेबांनी हताश होऊन लुसीकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही तरी समजवा यांना. नात बघायची आहे ना?"

लुसीने पदर सारखा केला. पडद्यावरच्या त्या एका ठिपक्यावरून तिची नजर हलत नव्हती.

"चहा मी केला," ती म्हणाली. "चाळीस जणांचा. तेही लिहा."